ई-सिगारेट आणि विमानप्रवास

गेल्या दिवाळीत माझा मामेभाऊ दुबईहून सुट्टीवर यावयाचा होता. निघण्याच्या आदल्या दिवशी त्याने फोनवर विचारले, "अगं, माझी ई-सिगारेट मोठ्या बॅगेत टाकू की हातातल्या? तू कॉलेजात शिकतेस, तुला ठाऊक असेल." मला काहीच ठाऊक नव्हते. त्या प्रश्नापायी जे वाचले, ते येथे थोडक्यात मांडीत आहे.

प्रथम हे उपकरण समजून घेऊ. चीनमधील औषधतज्ज्ञ होन लिक यांनी २००३ साली त्याला आजचे रूप दिले. यात तंबाखू जळत नाही. बॅटरीवर तापणारी बारीक तार निकोटिनयुक्त द्रवाची वाफ करते व ती वाफ ओढली जाते. निकोटिन शरीराला घातक खरेच. परंतु विमानाला खरे भय आहे ते लिथियम बॅटरीचे.

बॅगेत दाबले जाऊन बटण चालू राहिले किंवा बॅटरीत आतल्या आत शॉर्टसर्किट झाले, तर बॅटरी तापते. त्या उष्णतेने आतील रासायनिक क्रिया वाढते आणि त्या क्रियेतून आणखी उष्णता निघते. हे चक्र एकदा सुरू झाले की आवरणे कठीण. विमानाच्या सामानकक्षात आग विझविण्यासाठी हॅलॉन वायू असतो. त्याने ज्वाला दबतात, पण बॅटरीतील हे चक्र थांबत नाही. ऑगस्ट २०१४ मध्ये बोस्टनच्या लोगन विमानतळावर सामानकक्षातील एका बॅगेत ई-सिगारेटमुळे आग लागली व विमान रिकामे करावे लागले. पुढे जून २०१५ पासून आंतरराष्ट्रीय नागरी विमान वाहतूक संघटनेने ही वस्तू सामानकक्षातील बॅगेत ठेवण्यास मनाई केली. ती प्रवाशाने जवळ बाळगावी, मात्र विमानात चार्ज करू नये, असा नियम झाला. यामागील विचार सरळ आहे : डोळ्यांसमोर धूर दिसला, तर कर्मचारी पाणी ओतून बॅटरी थंड करू शकतात.

भावाला "हातातल्या बॅगेत ठेव" असे सांगणार, तोच दुसरी बाजू ध्यानात आली. दुबईत ई-सिगारेटची विक्री २०१९ पासून कायदेशीर आहे. आपल्या देशाने मात्र त्याच वर्षी कायदा करून तिचे उत्पादन, आयात, वाहतूक, विक्री, साठा व जाहिरात यांवर बंदी घातली. पहिल्या गुन्ह्यास एक वर्षापर्यंत कैद, एक लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात. म्हणजे विमानाचा नियम काटेकोर पाळूनही माझा भाऊ मुंबईला उतरताच अडचणीत आला असता!

मी त्याला पुन्हा फोन केला. "दादा, कुठे ठेवू हे विचारूच नकोस. ती आणूच नकोस." तो थोडा कुरकुरला, पण ती तिथेच ठेवून आला.

विमानाचा नियम आगीपासून रक्षण करतो, देशाचा कायदा व्यसनापासून. एकाची परवानगी म्हणजे दुसऱ्याची नव्हे. प्रश्न अर्धाच विचारला, तर बरोबर उत्तरही आपल्याला गोत्यात आणते, एवढे मी यातून शिकले.