पाण्याचा जमाखर्च

काटकसर हा गुण आमच्या खेड्यांतील लोकांस नव्याने शिकविण्याची गरज नाही. भांडी धुतलेले पाणी अळवाच्या वाफ्यास घालावे, न्हाणीचे पाणी शेवग्याच्या बुंध्याशी सोडावे, हे पारनेर, पाथर्डी, जामखेड ह्या तालुक्यांतील प्रत्येक गृहिणी जाणते. असे असता पावसाने जरा ओढ दिली की टँकरपुढे हंड्यांची रांग का लागते? प्रस्तुत धड्यात ह्या प्रश्नाचा विचार करण्याचे आम्ही योजिले आहे.

प्रथम हिशेब मांडू. सरकारच्या जलजीवन मिशनमध्ये खेड्यातील माणशी दररोज 55 लिटर पाणी धरिले आहे. त्या मानाने पाच माणसांच्या कुटुंबास वर्षास सुमारे 1 लाख लिटर लागते. आता एक एकर ऊस घ्या. त्यास तोडणीपर्यंत निदान 1,500 मिलीमीटर पाणी हवे. त्यापैकी 500 मिलीमीटर पावसाने दिले असे मानिले, तरी उरलेले 1,000 मिलीमीटर विहिरीतून किंवा कालव्यातून द्यावे लागते. ते भरते सुमारे 40 लाख लिटर. म्हणजे 40 कुटुंबांचे वर्षाचे पाणी. ठिबक सिंचनाने काही बचत होते हे खरे, पण त्याने ऊस काही ज्वारी होत नाही. ज्वारीस पावसासकट 450 ते 650 मिलीमीटर पुरते.

ह्यावरून बादली वाचविणे व्यर्थ आहे असे कोणी समजू नये. घरातील शिस्त मनुष्यास घडविते. परंतु मोठा खर्च घरात नसून शेतात आहे, आणि तो एकट्याने आवरता येत नाही. शेतास बांध असतो. जमिनीखालच्या पाण्यास बांध नाही. आपण आपल्या विहिरीचे पाणी राखून ठेविले आणि शेजाऱ्याने तीनशे फूट बोअर घेतला, तर आपली काटकसर त्याच्या मोटारीने उपसली जाते. मग आपणही चारशे फूट जातो. दोघेही कर्जात बुडतात, आणि गावची विहीर कोरडी ती कोरडीच. अशा ठिकाणी सद्गुणास नियमाची जोड लागते. आणि नियम करणे हे राजकारण होय, मग तो शब्द आम्हांस कितीही नावडता असो.

असा नियम चालतो काय? ह्याचे उत्तर आमच्याच जिल्ह्यात आहे. राळेगण सिद्धी येथे 1975 नंतर अण्णा हजारे यांच्या पुढाकाराने पाणी अडविण्याचे काम उभे राहिले, हे सर्वश्रुत आहे. नगर तालुक्यातील हिवरे बाजार हे त्याहून पुढचा धडा देते. 1972 च्या दुष्काळानंतर ह्या गावची रया गेली होती आणि माणसे मजुरीसाठी बाहेर पडत होती. 1989 साली तरुण पदवीधर पोपटराव पवार बिनविरोध सरपंच झाले. गावाने श्रमदान केले, डोंगरावर चर खोदले, झाडे लाविली. कुऱ्हाडबंदी व चराईबंदी केली. 1994 पासून राज्याच्या आदर्श गाव योजनेचेही साह्य मिळाले.

इतके अनेक गावे करितात. परंतु पाणी अडविले आणि वाटपाचा नियम केला नाही, तर ज्याची मोटार मोठी त्याचीच भरभराट होते. हिवरे बाजारने शेतीसाठी बोअर घेण्यास बंदी केली, ऊस व केळी ही पिके वर्ज्य केली, आणि दरवर्षी पाण्याचा ताळेबंद मांडण्याची चाल पाडली. पडलेला पाऊस व विहिरींची पातळी मोजतात, आणि आकडे ग्रामसभेपुढे ठेवितात. प्रथम माणसे व जनावरे यांचे पाणी. मग जे उरेल त्यावर रब्बीस काय पेरावे हे ठरते. पाऊस थोडा, तर जास्त पाण्याचे पीक नाही. गावचे क्षेत्र सुमारे 976 हेक्टर आहे. त्यावर 100 मिलीमीटर पाऊस पडला, तर ते पाणी 97 कोटी लिटरांहून अधिक होते. सारेच मुरत नाही. पण मोजणाऱ्यास आपली शिल्लक किती हे तरी कळते.

येथे कोणी म्हणेल, "आम्हांस गुंठाभर जमीन नाही, पिकांचे नियम जमीनदारांनी करावेत." आमच्या मंडळ्यांत अशी कुटुंबे पुष्कळ आहेत, म्हणून ह्या शंकेचे उत्तर दिलेच पाहिजे. विहीर आटली की सर्वांआधी मजुराचेच काम सुटते. कोयता घेऊन तो परमुलखात ऊस तोडण्यास जातो, आणि मुलांची शाळा मागे राहते. चराईबंदीचा पहिला फटकाही शेळी पाळणाऱ्या विधवेसच बसतो. हिवरे बाजारात गवत कापून नेण्याची मोकळीक ठेविली आहे. अशी सोय आपल्या गावी व्हावी, तर नियम ठरतेवेळी त्या बाईने सभेत हजर असावयास हवे. ग्रामसभेच्या दारी कोणी सातबारा विचारीत नाही. मतदारयादीत नाव असले म्हणजे पुरे. 1993 साली अमलात आलेल्या 73 व्या घटनादुरुस्तीने ग्रामसभेस संविधानात स्थान दिले, ते ह्या सर्वांसाठीच.

आमचा स्वतःचा दोषही सांगितला पाहिजे. पाणी जपा, असा उपदेश आम्ही वर्षानुवर्षे घरोघर केला. पण ग्रामसभेच्या दिवशी आम्ही घरी बसलो. तेथे तंटे होतात, ते आपले काम नव्हे, असे आम्हांस वाटे. हंडा उचलणाऱ्या बायांस काटकसर सांगणे सोपे होते. बोअर घेणाऱ्यास सर्वांसमक्ष प्रश्न विचारणे कठीण होते. आम्ही सोपे ते केले. सुकाळात दुष्काळाची तरतूद करणारा योसेफ वाचकांस परिचित आहे. त्याने ते काम आपल्या घरच्या कोठारात नव्हे, तर मिसर देशाच्या कारभारात केले, हे आमच्या ध्यानात उशिरा आले.

बादली जपावी आणि सभेसही जावे. एकाने दुसऱ्याची उणीव भरून निघत नाही.

मंडळीत चर्चेसाठी प्रश्न:
1. आपल्या गावी यंदा किती पाऊस पडला, हे कोणास ठाऊक आहे? कोण मोजतो?
2. गेल्या पाच वर्षांत गावात किती नवे बोअर झाले? त्यांनी कोणाच्या विहिरी आटल्या?
3. मागील ग्रामसभेस आपल्यापैकी कितीजण व कितीजणी गेल्या होत्या? पुढील सभेत कोणता एक प्रश्न मांडावयाचा, आणि तो कोण मांडील?