जंतुरोधक कापड : काय करते आणि काय करत नाही



कोरोनाच्या साथीपासून देणगीदार आपल्याला एक प्रश्न विचारतात : "पाड्यांवर जाणाऱ्या सेविकांसाठी आणि क्षयरोग्यांच्या घरांसाठी जंतू मारणारे मास्क, चादरी पाठवू का?" प्रश्नामागे माया आहे. पण असे कापड साध्या कापडापेक्षा महाग पडते, आणि सेवेसाठी आलेल्या प्रत्येक रुपयाचा हिशेब आपल्याला द्यायचा असतो. म्हणून या अंकात हा विषय नीट समजून घेऊ.

पवित्र शास्त्रातील कापडाची तपासणी

लेवीय 13:47-59 वाचा. लोकरीच्या किंवा तागाच्या वस्त्रावर हिरवट वा तांबूस चट्टा दिसला, तर ते याजकाला दाखवायचे. तो ते सात दिवस बंद ठेवी व पुन्हा पाही. चट्टा पसरला असेल तर वस्त्र जाळायचे. पसरला नसेल तर धुवायचे, आणखी सात दिवस ठेवायचे आणि पुन्हा पाहायचे. तो चट्टा बुरशीचा असावा, असे आज अनेक अभ्यासक मानतात. पाहणे, वेगळे ठेवणे, धुणे व पुन्हा पाहणे हा तिथला क्रम आहे. नुसते बघून कापड शुद्ध ठरत नसे.

हे कापड बनते कसे?

कापडावर किंवा धाग्यात चांदी, तांबे अथवा जस्ताचे संयुग बसवतात, किंवा जंतुनाशक रसायनाचा लेप देतात. चांदीचे आयन जिवाणूच्या आवरणाला व आतल्या प्रथिनांना इजा करतात. साबणासारखी रसायने विषाणूचे स्निग्ध आवरण फोडतात. आपल्या खानदेशच्या मुख्य पिकाशीही या कामाचा संबंध आहे. मुंबईच्या माटुंग्यातील केंद्रीय कापूस तंत्रज्ञान संशोधन संस्थेने सुती कापडावर झिंक ऑक्साइडच्या अतिसूक्ष्म कणांचा लेप देण्यावर काम केले आहे.

खानदेशापर्यंत आलेले उदाहरण

पुण्याच्या थिंकर टेक्नॉलॉजीज या नवउद्योगाने थ्री-डी छपाईच्या साहाय्याने विषाणुनाशक लेपाचा मास्क तयार केला. केंद्र सरकारच्या तंत्रज्ञान विकास मंडळाने 2020 मध्ये या प्रकल्पाला अर्थसाहाय्य दिले. लेपातील मुख्य घटक सोडियम ओलेफिन सल्फोनेट हा साबणाच्या जातीचा असून सौंदर्यप्रसाधनांतही वापरला जातो. जून 2021 मध्ये सरकारने दिलेल्या माहितीनुसार, एका स्वयंसेवी संस्थेने असे 6000 मास्क वाटले. ते नंदुरबार, नाशिक व बंगळूर येथील चार सरकारी रुग्णालयांना आणि बंगळूरच्या एका मुलींच्या शाळा-महाविद्यालयाला मिळाले. नंदुरबार 1998 पर्यंत धुळे जिल्ह्यातच होते. म्हणजे हे तंत्रज्ञान आपल्या दारापर्यंत येऊन गेले आहे.

या मास्कबद्दल एक गोष्ट ध्यानात घ्यावी. तो अनेक थरांचा होता आणि जिवाणू गाळण्याची त्याची क्षमता 95 टक्क्यांहून अधिक सांगितली होती. लेप हा गाळणीच्या जोडीला होता. गाळणीची जागा त्याने घेतली नव्हती.

तीन मर्यादा

पहिली : लेप फक्त त्याला चिकटलेल्या जंतूवर काम करतो. मास्क गालाशी सैल असेल तर हवा कडेने आत जाते आणि लेपाला तिचा स्पर्शही होत नाही.

दुसरी : वेळ. वेष्टनावर "99.9 टक्के जंतू मरतात" असे लिहिलेले असते. कापडाच्या प्रचलित चाचण्यांत जिवाणू 18 ते 24 तास कापडावर ठेवून मोजतात. आपला श्वास मात्र क्षणात कापडातून पार होतो.

तिसरी : धुणे. अमेरिकेतील ॲरिझोना स्टेट विद्यापीठाच्या संशोधकांनी 2008 मध्ये चांदीयुक्त मोजे पाण्यात धुऊन पाहिले. काही मोज्यांतली जवळजवळ सगळी चांदी चार धुण्यांत निघून गेली. ती शेवटी सांडपाण्यात जाते. आपल्याकडे ती नदीनाल्यात जाईल.

क्षयरोगाचे काय?

क्षयरोग हवेतून पसरतो. रोगी खोकला की बाहेर पडणारे अतिसूक्ष्म थेंब बंद खोलीत बराच वेळ तरंगत राहतात. रोग्याच्या कपड्यांतून, अंथरुणातून किंवा ताटवाटीतून हा रोग पसरत नाही. तेव्हा जंतुरोधक चादर त्या घराला काहीच संरक्षण देत नाही. उलट "याच्या चादरीला हात लावू नका" ही भीती मात्र पक्की होते आणि आजारी माणूस आपल्याच घरात परका होतो. उपयोगाचे आहे ते हे : उघडी खिडकी, वेळेवर व पूर्ण औषधे, रोग्याच्या तोंडावर मास्क आणि भेटीला जाणाऱ्या सेविकेला चेहऱ्यावर घट्ट बसणारा एन-95.

खरेदीपूर्वी विचारा

1. गाळण्याची क्षमता किती? आयएस 9473 किंवा आयएस 16289 हे भारतीय मानक लागू आहे का?
2. लेप कशाचा आहे? चाचणी कोणत्या जंतूवर व किती वेळ झाली?
3. किती धुण्यांपर्यंत तो टिकतो, हे लेखी मिळेल का?
4. तेवढ्याच पैशांत साधे पण प्रमाणित मास्क किती येतील?

या प्रश्नांची उत्तरे मिळाली नाहीत, तर साधा प्रमाणित मास्कच घ्यावा.

मग द्यावे काय?

चोपडा, यावल, शिरपूर, साक्री भागातील पाड्यांसाठी एन-95 मास्क, साबण आणि बदलायला दुसरी चादर द्या. खरजेची साथ आलेल्या वसतिगृहातही हेच कामी येते. कपडे गरम पाण्यात धुऊन उन्हात वाळवावेत. धुता येत नाहीत ते पिशवीत आठवडाभर बंद ठेवावेत, म्हणजे खरजेचे किडे मरतात. क्षयरोग्याला पोषक आहार देण्यासाठी 2022 पासून सरकारची निक्षय मित्र योजना आहे. तिच्यात व्यक्ती किंवा संस्था म्हणून नाव नोंदवता येते. एखाद्या मंडळीने एका रोग्याला सहा महिने डाळ, तेल व शेंगदाणे पुरवले, तर ती मदत महागड्या चादरीपेक्षा नक्कीच मोठी ठरेल.

गटचर्चेसाठी

- लेवीय 13 मध्ये वस्त्र जाळण्याआधी किती वेळा पाहिले जाते? देणगीची वस्तू निवडताना आपण किती वेळा पाहतो?
- आपल्या परिसरात एखाद्या रोग्याचे कपडे किंवा भांडी वेगळी ठेवतात का? त्या घरी कोण जाऊन बोलेल?