क्रॉम्प्टनचा कारखाना आणि रोहित्राची गोष्ट



ऐन रब्बीत गावची 'डीपी' जळाली म्हणजे काय होते, हे आमच्या जालना जिल्ह्यातील मुलांना सांगावे लागत नाही. विहिरीत पाणी असते, पंप चांगला असतो, अकरा हजार व्होल्टची तारही गावापर्यंत आलेली असते. तरी हरभरा आणि मोसंबी तहानलेलीच राहतात. खांबांवर बसवलेली ही तेलाची पेटी म्हणजेच तुमच्या पाठ्यपुस्तकातले रोहित्र. तिच्यात फिरणारा एकही भाग नसतो. मग तिच्यावाचून सगळ्या गावाचे एवढे का अडावे?

या प्रश्नाचे उत्तर एका कंपनीच्या इतिहासात चांगले सापडते. तिचे नाव तुम्ही वर्गातल्या पंख्यावर वाचले असेल : क्रॉम्प्टन. गंमत अशी, की ज्या माणसाचे हे नाव, तो आपल्या उमेदीच्या काळात रोहित्राच्या पद्धतीचा कडवा विरोधक होता!

रात्रपाळीसाठी उजेड

रूक्स एव्हलिन बेल क्रॉम्प्टन यांचा जन्म १८४५ साली इंग्लंडमधील यॉर्कशायर परगण्यात झाला. सैन्यातील अधिकारी म्हणून ते हिंदुस्थानात आले आणि येथे त्यांनी रस्त्यावरून माल ओढणाऱ्या वाफेच्या गाड्यांचे प्रयोग केले. १८७५ साली मायदेशी परतल्यावर चेम्सफर्ड येथील एका कारखान्यात त्यांनी भागीदारी घेतली. त्यांच्या नातेवाइकांच्या लोखंडाच्या कारखान्यात नवी ओतशाळा उभी राहत होती. तेथे रात्रीही काम चालावे म्हणून लख्ख उजेड हवा होता. क्रॉम्प्टन यांनी पॅरिसहून ग्राम यांची विद्युत्-जनित्रे आणवली, त्यांवर प्रज्योत दिवे पेटवले आणि मग या यंत्रांतील दोष काढण्याच्या मागेच ते लागले. १८७८ साली त्यांची स्वतःची कंपनी सुरू झाली. विजेचा एक मोठा उद्योग असा ओतशाळेतल्या रात्रपाळीतून जन्माला आला.

क्रॉम्प्टन नुसते यंत्रे विकणारे नव्हते, तर मोजमापाचे भोक्ते होते. महाविद्यालयाच्या प्रयोगशाळेत 'क्रॉम्प्टनचा विभवमापी' नावाचे उपकरण असते. त्यात १४ समान वेटोळी आणि एका वेटोळ्याइतक्याच रोधाची एक सरकतार जोडलेली असते. लांबलचक तारेचे काम ते एका छोट्या पेटीत करते. ते क्रॉम्प्टन हेच.

तांब्याचे गणित

१८८७ साली क्रॉम्प्टन यांनी लंडनच्या केन्सिंग्टन भागात घरोघरी वीज पुरवायला सुरुवात केली. ही वीज दिष्ट धारेची, म्हणजे एकाच दिशेने वाहणारी होती. त्यांची बाजू कच्ची नव्हती. दिष्ट धारेने संचायक घट भरून ठेवता येत आणि इंजिन बंद पडले तरी दिवे चालू राहत. विद्युत् दाब कमी असल्याने धोका कमी होता. शिवाय प्रत्यावर्ती धारेवर चालणारे चांगले चलित्र तेव्हा बाजारात नव्हते.

परंतु निसर्गाचा नियम आड आला. तो आपण आकड्यांनी पाहू.

समजा, १ किलोमीटर दूर असलेल्या वस्तीसाठी १,००० किलोवॅट शक्ती २५० व्होल्ट दाबाने पाठवायची आहे. शक्ती म्हणजे दाब गुणिले धारा. म्हणून धारा ४,००० अँपिअर होईल. जाऊन-येऊन २ किलोमीटर तारेचा रोध फक्त ०.०१ ओहम धरा. तारेत उष्णतेच्या रूपाने वाया जाणारी शक्ती म्हणजे धारेचा वर्ग गुणिले रोध :

४,००० × ४,००० × ०.०१ = १,६०,००० वॅट, म्हणजे १६० किलोवॅट.

शंभरातले सोळा भाग वाटेतच गेले! आणि ही 'तार' केवढी जाड असेल? तांब्याचा विशिष्ट रोध लक्षात घेतला, तर तिच्या छेदाचे क्षेत्रफळ सुमारे ३४ चौरस सेंटिमीटर येते. ती तार नव्हे, तुळईच होय. दोन किलोमीटरच्या अशा तांब्याचे वस्तुमान सुमारे ६० टन भरेल. क्रॉम्प्टन यांनी लंडनच्या रस्त्यांखाली भुयारी नाल्यांत तांब्याच्या जाड पट्ट्या अंथरल्या होत्या, त्याचे कारण हेच. एखाद्या मोहल्ल्यापुरते हे जमले. शहरापासून पन्नास कोसांवरच्या धबधब्याची वीज आणायची तर ते अशक्यच होते.

आता त्याच तारेतून तीच शक्ती १०,००० व्होल्ट दाबाने पाठवा. धारा १०० अँपिअर. वाया जाणारी शक्ती १०० × १०० × ०.०१ = १०० वॅट! दाब ४० पट वाढला आणि हानी ४० च्या वर्गाने, म्हणजे १,६०० पटींनी, कमी झाली.

पण घरात १०,००० व्होल्ट कोण घेणार? दाब वाटेत मोठा आणि दारात लहान करणारे साधन हवे. ते साधन म्हणजे रोहित्र.

बुडापेस्टमधील शोध

मायकेल फॅरडे यांनी १८३१ साली एका लोखंडी कड्यावर तारेची दोन वेटोळी गुंडाळली होती. एका वेटोळ्यातील धारा बदलली, की दुसऱ्यात क्षणभर धारा उत्पन्न होई. धारा स्थिर असली की काहीच होत नसे. म्हणूनच रोहित्राला सतत बदलणारी, म्हणजे प्रत्यावर्ती, धारा लागते. दिष्ट धारेवर ते निकामी आहे.

याचे व्यवहारोपयोगी यंत्र केले हंगेरीतील बुडापेस्ट शहरी गान्झ कंपनीच्या झिपरनोव्स्की, ब्लाथी आणि देरी या तीन अभियंत्यांनी, १८८५ साली. त्यांनी लोखंडी गाभा पूर्ण बंद केला, त्यामुळे चुंबकीय रेषा बाहेर न सांडता दोन्ही वेटोळ्यांतून जाऊ लागल्या. रोहित्रे एकापुढे एक न जोडता समांतर जोडल्याने एका घरचा दिवा विझवला तरी दुसऱ्या घरचा मंद किंवा प्रखर होईना. इंग्लंडमध्ये फेरांटी या तरुण अभियंत्याने १८९० च्या सुमारास डेप्टफर्ड येथून १०,००० व्होल्ट दाबाने लंडनला वीज पोचवली. क्रॉम्प्टन आणि फेरांटी यांच्यातील वाद त्या काळी गाजला. निकाल तांब्याच्या गणिताने दिला.

क्रॉम्प्टन यांचा मोठेपणा पुढे दिसतो. प्रत्येक देशाची एकके, व्याख्या आणि यंत्रांच्या कसोट्या वेगळ्या असल्याने विजेच्या धंद्यात गोंधळ माजला होता. तो मिटवण्यासाठी त्यांनी पुढाकार घेतला आणि १९०६ साली लंडनमध्ये आंतरराष्ट्रीय विद्युत्तंत्र आयोग स्थापन झाला. लॉर्ड केल्व्हिन त्याचे पहिले अध्यक्ष होते. या आयोगाची मानके आजही जगभर वापरली जातात. क्रॉम्प्टन १९४० साली वारले. त्यांची कंपनी १९२७ सालीच पार्किन्सन कंपनीशी एक होऊन 'क्रॉम्प्टन पार्किन्सन' झाली होती.

मुंबईत आगमन

१९१५ साली टाटांच्या खोपोली जलविद्युत् केंद्रातून सह्याद्रीच्या पाण्याची वीज मुंबईच्या गिरण्यांना मिळू लागली. वीज आपल्या डोंगरातली, पण जनित्रे, रोहित्रे, चलित्रे मात्र परदेशातली! यंत्रे येथेच करण्याच्या दिशेने एक पाऊल १९३७ साली पडले. त्या वर्षी मुंबईत 'क्रॉम्प्टन पार्किन्सन वर्क्स' ही कंपनी स्थापन झाली. तिचा माल विकण्याचे काम १८५९ पासून मुंबईत व्यापार करणाऱ्या ग्रीव्ह्ज कॉटन या पेढीशी जोडलेल्या कंपनीकडे होते. स्वातंत्र्याच्या वर्षी ग्रीव्ह्ज कॉटन ही लाला करमचंद थापर यांच्या हाती आली आणि १९६६ साली उत्पादन व विक्री एकत्र येऊन 'क्रॉम्प्टन ग्रीव्ह्ज' ही कंपनी झाली. मुंबईतील कांजूरमार्ग, नाशिक, अहमदनगर (आताचे अहिल्यानगर) अशा ठिकाणी तिचे कारखाने निघाले.

संशोधन ते कशाचे?

लोखंडावर दोन वेटोळी गुंडाळली, की झाले रोहित्र. मग त्यात संशोधन ते काय, असे वाटेल. तीनच अडचणी पाहा.

पहिली : बदलत्या चुंबकक्षेत्रामुळे गाभ्यातही भोवऱ्यासारख्या धारा फिरतात आणि तो तापतो. म्हणून गाभा अखंड न ठेवता सिलिकॉनयुक्त पोलादाच्या, मिलिमीटरच्या तिसऱ्या हिश्श्याइतक्या पातळ, एकमेकांपासून विसंवाहित पत्र्यांचा करतात.

दुसरी : तारांवर वीज कोसळली, की नेहमीच्या कित्येक पट दाब दशलक्षांश सेकंदांत चढतो. कागद आणि तेल यांचे विसंवाहक कवच तो सोसते का, हे कारखान्यात कृत्रिम वीज पाडून तपासावे लागते.

तिसरी : कोठे तारेला तार चिकटली, तर वेटोळ्यांत नेहमीच्या वीस पट धारा वाहू शकते. वेटोळ्यांवरील बल धारेच्या वर्गाच्या प्रमाणात असते, म्हणजे ते ४०० पट होते. बांधणी कच्ची असेल तर तांबे पिळवटून निघते.

कंपनीने स्वतःच्या मालाला चांगले म्हणणे पुरेसे नसते. म्हणून बंगळूरची केंद्रीय विद्युत् संशोधन संस्था (१९६०) आणि बडोद्याची विद्युत् संशोधन व विकास संस्था (१९७४) अशा चाचण्या तटस्थपणे करतात.

डीपी का जळते तेही आता कळेल. क्षमतेपेक्षा २५ टक्के अधिक धारा घेतली, तर वेटोळ्यांत १.२५ चा वर्ग, म्हणजे दीडपटीहून जास्त, उष्णता निर्माण होते. तापमान मर्यादेच्या वर ६ ते ८ अंश राहिले, की कागदी कवचाचे आयुष्य निम्मे होते. आकडे टाकून चालवलेल्या प्रत्येक पंपाचा भार त्या मुक्या पेटीवर पडत असतो.

काळाचा उलटा फेरा

२००६ साली क्रॉम्प्टन ग्रीव्ह्जने हंगेरीतील गान्झ परंपरेच्या कंपनीचा विद्युत् व्यवसाय विकत घेतला. रोहित्राच्या विरोधकाने काढलेली संस्था रोहित्राच्या माहेरी मालक म्हणून गेली! कंपनीचे पुढचे दिवस सरळ गेले नाहीत. २०१६ पर्यंत पंखे-दिव्यांचा धंदा वेगळ्या कंपनीकडे गेला, २०१७ साली मूळ कंपनीचे नाव 'सीजी पॉवर' झाले, २०१९ साली हिशेबांतील अनियमितता उघड झाल्या आणि २०२० साली ती मुरुगप्पा उद्योगसमूहाकडे आली. यंत्राप्रमाणे संस्थेलाही कसोट्या लागतात.

आणि क्रॉम्प्टन यांची दिष्ट धारा? तीही परतली आहे. १९९९ पासून चंद्रपूरची वीज ७५२ किलोमीटर दूर मुंबईजवळच्या पडघ्याला ५०० किलोव्होल्ट दिष्ट दाबाने जाते. अर्धवाहकांच्या साहाय्याने प्रत्यावर्ती धारेची दिष्ट आणि दिष्टची पुन्हा प्रत्यावर्ती करता येऊ लागली, म्हणून हे शक्य झाले. जालन्याच्या औद्योगिक वसाहतीत भंगार वितळवणाऱ्या प्रवर्तन भट्ट्यांतही हेच घडते. रोहित्रातून आलेली धारा आधी दिष्ट होते, मग तिची सेकंदाला काही शे आवर्तनांची प्रत्यावर्ती धारा करून भट्टीभोवतालच्या वेटोळ्यात सोडतात. आतले लोखंड जणू रोहित्राचे दुसरे वेटोळे बनते आणि स्वतःतील धारांनी वितळते. रोहित्राच्या गाभ्यात ज्या भोवरी धारा टाळायच्या, त्याच येथे कामाला लावल्या आहेत. वादातले दोन्ही पक्ष एकाच भट्टीवर सुखाने नांदत आहेत.

विचार करा

१. १०० केव्हीए क्षमतेच्या डीपीचा दाब ११,००० वरून ४३३ व्होल्टवर येतो. वेटोळ्यांतील फेऱ्यांचे गुणोत्तर सुमारे किती?

२. वरील उदाहरणात दाब २५० ऐवजी १,००० व्होल्ट केला, तर तारेतील हानी किती किलोवॅट होईल? (उत्तर : १०)

३. रोहित्राच्या एका वेटोळ्याला चुकून संचायक घट जोडला, तर दुसऱ्या वेटोळ्यात धारा केव्हा मिळेल आणि केव्हा मिळणार नाही?