घटक ५ : ई-मेलमधील मजकुराची मांडणी – ती का हरवते आणि अर्थ कसा राखावा

५.० उद्दिष्टे

हा घटक अभ्यासल्यानंतर तुम्हांला –
• ई-मेलचा मजकूर ‘साधा’ आणि ‘मांडणीयुक्त’ अशा दोन रूपांत कसा पाठवला जातो, हे सांगता येईल.
• मांडणी कोणत्या टप्प्यावर हरवली, हे लक्षणांवरून ओळखता येईल.
• जुन्या फॉन्टमधील मराठी मजकूर ई-मेलमध्ये का बिघडतो, याचे कारण स्पष्ट करता येईल.
• मांडणी गेली तरी अर्थ टिकून राहील, असा ई-मेल लिहिता येईल.

५.१ प्रास्ताविक

मागील घटकात आपण कार्यालयीन ई-मेलचा विषय, मायना, मुख्य मजकूर आणि समारोप यांचा विचार केला. प्रस्तुत घटकात आपण एका व्यावहारिक अडचणीचा अभ्यास करणार आहोत. आपण ठळक अक्षरे, रंग, तक्ते, अधोरेखने वापरून नीटनेटका ई-मेल पाठवतो. प्रत्यक्षात वाचणाऱ्याच्या पडद्यावर मात्र सलग, सपाट मजकूर दिसतो.

एक उदाहरण घेऊ. समजा, एका ग्रंथालयाच्या कार्यवाहांनी सभासदांना वार्षिक सभेची सूचना पाठवली. सभेचा दिवस बदलला होता. म्हणून त्यांनी ‘शनिवार’ या शब्दावर आडवी रेघ मारली आणि पुढे ‘रविवार’ असे लिहिले. खाली सर्व सभासदांची यादी देऊन ज्यांची वर्गणी थकली होती, त्यांची नावे लाल रंगात दाखवली आणि ‘लाल नावे असलेल्यांनी सभेपूर्वी वर्गणी भरावी’, अशी ओळ लिहिली. ज्यांच्याकडे मांडणी पोहोचली नाही, त्यांनी वाचले ते असे : ‘सभा शनिवार रविवार सायंकाळी ५ वाजता होईल.’ रेघ नाहीशी झाली आणि खोडलेला शब्द पुन्हा जिवंत झाला. लाल नावेही उरली नाहीत. एकही अक्षर गळले नव्हते, तरी सूचनेचा अर्थ बदलला होता. काही सभासद शनिवारी येऊन परत गेले, तर त्यांना दोष देता येणार नाही.

म्हणून हा प्रश्न केवळ तांत्रिक नाही. अर्थ कोणाच्या स्वाधीन करावा, शब्दांच्या की सजावटीच्या, हा लेखनाचाच प्रश्न आहे.

५.२ विषय-विवेचन

५.२.१ ई-मेलची दोन रूपे

कागदावरील पत्रात शाई आणि शब्द एकत्रच प्रवास करतात. ई-मेलचे तसे नाही. ई-मेलमधून अक्षरांचे संकेतांक जातात आणि ती अक्षरे कशी दाखवावीत, याच्या सूचना त्यांच्यासोबत वेगळ्या दिल्या जातात. वाचणाऱ्याचा प्रोग्राम त्या सूचना पाळेलच, असे नाही.

इंटरनेटवरील संदेशांचे स्वरूप निश्चित करणारे १९८२ चे मानक केवळ साध्या मजकुरासाठी होते. त्यात रोमन अक्षरे, अंक आणि काही विरामचिन्हे एवढ्यांचीच सोय होती. ठळक अक्षरे नव्हती, तशी देवनागरीही नव्हती. १९९२ मध्ये नॅथॅनिएल बोरेनस्टाइन आणि नेड फ्रीड यांनी ‘माइम’ हे मानक मांडले. त्यामुळे इतर लिप्या, चित्रे, जोडपत्रे आणि निरनिराळ्या प्रकारचे मजकूर पाठवणे शक्य झाले. पुढे वेबपानांसाठी वापरली जाणारी एचटीएमएल ही खुणांची भाषा ई-मेलमध्येही रूढ झाली.

प्रत्येक ई-मेलच्या आरंभी वाचकाला सहसा न दिसणारा एक भाग असतो. त्याला शीर्षभाग म्हणतात. त्यातील ‘कन्टेन्ट-टाइप’ ही ओळ आपल्या विषयाच्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाची आहे. तिच्यात ‘टेक्स्ट/प्लेन’ असेल, तर मजकूर साधा समजला जातो. ‘टेक्स्ट/एचटीएमएल’ असेल, तर खुणांनुसार मांडणी केली जाते. ही ओळच नसेल, तर मानकानुसार मजकूर साधा धरला जातो.

बहुतेक प्रोग्राम आज दोन्ही रूपे एकाच संदेशात पाठवतात. या प्रकाराला ‘मल्टिपार्ट/अल्टरनेटिव्ह’ असे नाव आहे. त्यात साधे रूप आधी आणि मांडणीयुक्त रूप नंतर ठेवायचे असते. वाचणारा प्रोग्राम आपल्याला दाखवता येईल असे शेवटचे रूप निवडतो.

५.२.२ मांडणी हरवण्याचे चार टप्पे

(अ) लेखनाचा टप्पा : लिहिणाऱ्याकडूनच ‘साधा मजकूर’ हा पर्याय निवडला गेलेला असतो. जी-मेलच्या संगणकावरील लेखनचौकटीत तळाशी तीन उभी टिंबे असतात. तेथील ‘प्लेन टेक्स्ट मोड’ या पर्यायापुढे खूण असेल, तर मांडणी जाणार नाही. आउटलुकमध्ये आलेला ई-मेल साधा असेल, तर त्याचे उत्तरही सामान्यतः साध्याच रूपात सुरू होते. ‘फॉरमॅट टेक्स्ट’ या भागात जाऊन ते एचटीएमएल करावे लागते.

(आ) बांधणीचा टप्पा : एकाच वेळी अनेकांना सूचना पाठवणाऱ्या प्रोग्राममध्ये कन्टेन्ट-टाइपची ओळ राहून जाते, किंवा दोन रूपांचा क्रम उलटा लागतो. शीर्षभागात चुकून एक रिकामी ओळ आली, तरीही घोटाळा होतो. पहिल्या रिकाम्या ओळीला शीर्षभाग संपतो, असा नियम असल्याने त्यानंतरच्या सूचना मजकूर म्हणून छापल्या जातात.

(इ) प्रवासाचा टप्पा : काही संस्थांचे सर्व्हर सुरक्षिततेसाठी आलेल्या संदेशातील मांडणीयुक्त रूप काढून टाकतात आणि साधे रूप पुढे पाठवतात.

(ई) वाचनाचा टप्पा : वाचणाऱ्याने आपल्या प्रोग्रामला सर्व ई-मेल साध्या रूपात दाखवण्यास सांगितलेले असते. थंडरबर्डमध्ये ‘व्ह्यू’ या यादीतील ‘मेसेज बॉडी अ‍ॅज’ येथे हा पर्याय सापडतो. आउटलुकमध्ये तो ‘ट्रस्ट सेंटर’मध्ये असतो. आउटलुकच्या ‘जंक’ कप्प्यात पडलेले ई-मेलही साध्या रूपात दिसतात.

येथे एक गोष्ट ध्यानात घ्यावी. साधे रूप निवडणे हा वाचणाऱ्याचा दोष नव्हे. मांडणीयुक्त ई-मेलमध्ये एका नावाखाली दुसराच दुवा लपवता येतो. दूरवरून येणाऱ्या चित्रामुळे ई-मेल उघडल्याची वार्ता पाठवणाऱ्यास कळू शकते. म्हणून सावध वाचक साधे रूप पसंत करतात.

स्वयं-अध्ययन प्रश्न १
(अ) कन्टेन्ट-टाइपची ओळ नसल्यास मजकूर कोणत्या रूपाचा मानला जातो?
(आ) मल्टिपार्ट/अल्टरनेटिव्ह संदेशात कोणते रूप शेवटी ठेवतात?

५.२.३ लक्षणांवरून निदान

‘ई-मेल बिघडला’ या तक्रारीत अनेक वेगळ्या तक्रारी दडलेल्या असतात. प्रथम वाचणाऱ्याला नेमके काय दिसते, ते विचारावे.

लक्षण १ : मजकूर स्वच्छ आहे, फक्त ठळकपणा, रंग, तक्ते नाहीत. अशा वेळी साधे रूप दाखवले जात आहे. ते चारांपैकी कोणत्या टप्प्यावर घडले, हे शोधण्यासाठी पाठवणाऱ्याने ‘सेंट’ कप्प्यातील प्रत पाहावी. तेथेही मांडणी नसेल, तर चूक लेखनाच्या टप्प्यावरील आहे. तेथे मांडणी असेल, तर वाचणाऱ्याने संदेशाचे मूळ रूप उघडावे. जी-मेलमध्ये त्यासाठी ‘शो ओरिजिनल’ हा पर्याय आहे. मूळ रूपात टेक्स्ट/एचटीएमएल हा भाग योग्य क्रमाने सापडला, तर मांडणी पोहोचली आहे आणि वाचणाऱ्याच्या प्रोग्रामने ती दाखवलेली नाही. तो भागच नसेल, तर मांडणी वाटेत काढली गेली, असा निष्कर्ष निघतो.

लक्षण २ : मजकुरात कोनी कंस आणि त्यांत रोमन अक्षरे दिसतात. या एचटीएमएलच्या खुणा आहेत. मजकूर मांडणीयुक्त असून शीर्षभागाने तो साधा असल्याचे सांगितले आहे. ही बांधणीच्या टप्प्यावरील चूक होय. ती पाठवणाऱ्यानेच दुरुस्त करावयाची असते.

लक्षण ३ : साध्या मजकुराबरोबर ‘विनमेल डॉट डॅट’ नावाचे, न उघडणारे जोडपत्र येते. पाठवणाऱ्याने आउटलुकचे ‘रिच टेक्स्ट’ हे स्वरूप वापरलेले असते. ते इतर प्रोग्रामना सहसा समजत नाही. एचटीएमएल निवडून ई-मेल पुन्हा पाठवावा.

लक्षण ४ : बरोबरच्या चिन्हांची माळ दिसते. देवनागरीचे प्रत्येक संकेतचिन्ह यूटीएफ-८ या पद्धतीत तीन बाइटांचे असते. प्रवासासाठी ‘म’ हे अक्षर ‘=ई०=ए४=एई’ अशा अर्थाच्या रोमन चिन्हांत बांधले जाऊ शकते. ती गाठ सोडण्याची सूचना हरवली, की माळ तशीच पडद्यावर येते. येथे मांडणीच नव्हे, तर लिपीही हरवलेली असते.

५.२.४ मराठी मजकुराचा विशेष प्रश्न : फॉन्ट

इंग्रजी ई-मेलची मांडणी गेली, तर सजावट जाते. जुन्या फॉन्टमध्ये लिहिलेल्या मराठी ई-मेलची मांडणी गेली, तर भाषाच जाते.

कृतिदेवसारख्या जुन्या फॉन्टमध्ये रोमन अक्षरांच्या संकेतांकांना देवनागरीचे रूप दिलेले असते. डोळ्यांना ‘मराठी’ दिसते. संगणकाच्या स्मृतीत मात्र ई, जे, के, बी, एच ही पाच रोमन अक्षरे असतात. त्यांना देवनागरीचा वेश चढवणारा फॉन्ट ही केवळ मांडणीची सूचना आहे. साध्या रूपात फॉन्टचे नाव जात नाही. वेश उतरतो आणि वाचणाऱ्यापुढे निरर्थक रोमन अक्षरे उरतात. मांडणी पोहोचली, तरी तोच फॉन्ट वाचणाऱ्याच्या संगणकावर नसेल, तर परिणाम तोच होतो.

युनिकोडमध्ये असे होत नाही. तेथे ‘म’ला स्वतःचा संकेतांक आहे, तो कोणत्याही फॉन्टवर अवलंबून नाही. त्यामुळे साध्या रूपातही मराठी मराठीच राहते. जुन्या फॉन्टमधील अर्ज, लेख किंवा इतिवृत्त ई-मेलच्या मजकुरात घालण्यापूर्वी युनिकोडमध्ये रूपांतरित करावे आणि रूपांतरानंतर जोडाक्षरे, रफार व ऱ्हस्व वेलांटी डोळ्यांखालून घालावीत, कारण रूपांतरात चुका तेथेच अधिक होतात.

५.२.५ लेखकाची जबाबदारी

सर्व तांत्रिक उपाय केले, तरी वाचणाऱ्याचा पडदा आपल्या हाती नसतो. म्हणून पुढील दक्षता घ्यावी :
• खोडाखोड पाठवू नये. बदल वाक्यात सांगावा.
• रंगाने भेद दाखवू नये. वेगळ्या मथळ्याखाली वेगळी यादी द्यावी.
• छोटा तक्ता वाक्यांत किंवा क्रमांकित ओळींत लिहावा. मोठा तक्ता जोडपत्र म्हणून पाठवावा.
• दुव्याचा पत्ता शब्दामागे न लपवता पूर्ण लिहावा.

ग्रंथालयाची सूचना आता अशी लिहिता येईल : ‘वार्षिक सभेचा दिवस बदलला आहे. सभा शनिवारी होणार नाही. ती रविवारी सायंकाळी ५ वाजता होईल. वर्गणी थकलेल्या सभासदांची नावे खाली स्वतंत्र दिली आहेत. त्यांनी सभेपूर्वी वर्गणी भरावी.’ या मजकुराला ठळक अक्षरांची शोभा जरूर द्यावी. ती न मिळाली, तरी एकही सभासद शनिवारी येणार नाही.

स्वयं-अध्ययन प्रश्न २
(अ) कोनी कंसांतील खुणा दिसल्यास चूक कोणत्या टप्प्यावर झालेली असते?
(आ) युनिकोडमधील मराठी मजकूर साध्या रूपातही का वाचता येतो?

५.३ सारांश

ई-मेलमध्ये अक्षरे आणि मांडणी या वेगळ्या गोष्टी आहेत. मांडणी लेखन, बांधणी, प्रवास आणि वाचन यांपैकी कोणत्याही टप्प्यावर हरवू शकते. लक्षण विचारणे, ‘सेंट’ कप्प्यातील प्रत पाहणे आणि संदेशाचे मूळ रूप तपासणे या क्रमाने तिचा माग काढता येतो. मराठी मजकूर युनिकोडमध्येच पाठवावा. मांडणीने अर्थ उठावदार करावा. परंतु अर्थाचा भार शब्दांवरच ठेवावा.

५.४ पारिभाषिक शब्द

शीर्षभाग : ई-मेलच्या आरंभीचा, प्रेषक, विषय, मजकुराचा प्रकार इत्यादी माहिती देणारा भाग.
माइम : ई-मेलमधून निरनिराळ्या प्रकारचा मजकूर व जोडपत्रे पाठवण्याचे मानक.
युनिकोड : जगातील लिप्यांच्या अक्षरांना स्वतंत्र संकेतांक देणारी पद्धती.

५.५ स्वयं-अध्ययन प्रश्नांची उत्तरे

प्रश्न १ : (अ) साध्या रूपाचा. (आ) मांडणीयुक्त रूप.
प्रश्न २ : (अ) बांधणीच्या टप्प्यावर. (आ) प्रत्येक अक्षराला स्वतःचा संकेतांक असतो. ते फॉन्टवर अवलंबून नसते.

५.६ सरावासाठी स्वाध्याय

१. मांडणी हरवण्याचे चार टप्पे उदाहरणांसह स्पष्ट करा.
२. ‘जुन्या फॉन्टमधील मराठी ई-मेलची मांडणी गेली, तर भाषाच जाते’, या विधानाची चर्चा करा.
३. क्षेत्रीय कार्य : तुम्हांला आलेली एखादी मांडणीयुक्त सूचना घ्या. तिच्यातील रंग, ठळकपणा व तक्ते काढून ती साध्या रूपात लिहा. अर्थ कोठे निसटला ते नोंदवा आणि तेवढीच वाक्ये नव्याने लिहा.