पाण्याच्या पोटातील गलबत

पुणे-सोलापूर रस्त्याने भिगवण मागे टाकले, की डाव्या हाताला पाण्याचा अफाट पसारा दिसू लागतो. बारामती-इंदापूरच्या मुलांना हे पाणी परके नाही. उजनी धरणाने अडवलेले हे भीमेचे पाणी. ‘यशवंतसागर’ हे त्याचे नाव. धरण १९८० साली पुरे झाले. त्यापूर्वी जेथे जोंधळा डोलत होता आणि देवळांत घंटा घुमत होत्या, तेथे आज मच्छीमारांच्या होड्या फिरतात. इंदापूर तालुक्यातील जुने पळसदेव गाव असेच पाण्याखाली गेले. गावकरी उंचावरच्या नव्या वस्तीत राहावयास गेले. पळसनाथाचे दगडी मंदिर मात्र जागच्या जागी उभे राहिले. ज्या वर्षी पाऊस ओढ देतो, त्या वर्षी उन्हाळ्यात आधी मंदिराचे शिखर पाण्याबाहेर येते आणि मग हळूहळू सारे मंदिर उघडे पडते.

२०२४ च्या उन्हाळ्यात असेच झाले. मंदिर वर आले आणि माणसे ते पाहावयास लोटली. त्याच उन्हाळ्यात याच जलाशयावर एक दुःखद घटना घडली. २१ मे रोजी सायंकाळी करमाळा तालुक्यातील कुगावहून इंदापूर तालुक्यातील कळाशीकडे एक होडी येत होती. एकाएकी वादळी वारा सुटला आणि होडी उलटून बुडाली. तीत सात जण होते. एकजण पोहत काठाला लागला. बाकीच्या सहाजणांना जलसमाधी मिळाली. त्यांच्या शोधासाठी राष्ट्रीय आपत्ती प्रतिसाद दलाचे जवान पाण्यावर आले, आणि काठावरचे लोक श्वास रोखून पाहत राहिले.

एकाच पाण्याने एका उन्हाळ्यात मंदिर परत दिले आणि माणसे नेली. मग मनात प्रश्न येतो : पाण्याच्या पोटात गेलेल्या वस्तूंचे पुढे काय होते? आणि त्या पाहावयास माणूस खाली कसा जातो?

पहिल्या प्रश्नाचे उत्तर पाण्याच्या जातीवर अवलंबून असते. उबदार समुद्रात बुडालेले लाकडी जहाज फार काळ टिकत नाही. शिंपल्याच्या कुळातला, पण अळीसारखा लांबट असा एक प्राणी तेथे असतो. तो लाकूड पोखरून त्याची चाळण करतो. गोड्या पाण्यात हा प्राणी जगत नाही. शिवाय पाणी थंड असेल, तर लाकूड कुजविणारे सूक्ष्म जीवही मंदावतात. म्हणून थंड, गोड्या पाण्याची सरोवरे म्हणजे बुडालेल्या जहाजांची जणू कोठारेच होत.

अमेरिका आणि कॅनडा या देशांच्या सीमाभागात अशी पाच प्रचंड सरोवरे आहेत. त्यांपैकी ओंटारिओ सरोवरात १८१३ साली ऑगस्टच्या एका रात्री ‘हॅमिल्टन’ आणि ‘स्कर्ज’ ही दोन लढाऊ गलबते उभी होती. अचानक सुटलेल्या वादळी वाऱ्याने ती उलटली आणि अनेक खलाशांसह तळाशी गेली. १९७३ साली ती सुमारे ९० मीटर खोलीवर सापडली. एकशेसाठ वर्षे लोटली होती. तरी दोन्ही गलबते तळावर सरळ उभी होती, त्यांच्या तोफा त्यांच्यावरच होत्या आणि नाळेवरील कोरीव मूर्तीही शाबूत होत्या! कळाशीची होडी बुडविणारा वारा आणि ही गलबते बुडविणारा वारा यांत दोन शतकांचे अंतर आहे. पण पाण्यावरच्या माणसाला दोघांनीही एकच धडा शिकविला.

इतक्या खोल जाणे नवख्यांचे काम नव्हे. नवखे जातात ते ह्यूरन सरोवराच्या काठी, टोबरमोरी या कॅनडातील लहानशा गावी. तेथील एका शांत खाडीत ‘स्वीपस्टेक्स’ नावाचे दोन डोलकाठ्यांचे गलबत १८८५ साली बुडाले. ते जेमतेम ६ मीटर खोलीवर आहे. गलबताचे धड अजून बरेचसे अखंड आहे आणि नांगर ओढण्याचा रहाटही पाहावयास मिळतो.

समजा, चार मित्र शनिवार-रविवारच्या सुटीत हे गलबत पाहावयास आले आहेत. गलबताजवळ जाण्याची त्यांची ही पहिलीच वेळ. त्यापूर्वी त्यांनी तलावात शिक्षकाजवळ रीतसर शिक्षण घेतले आहे. शनिवारी ते आपली नावे नोंदवितात, उथळ पाण्यात उतरून सर्व साहित्य पारखतात आणि आपसांत दोन जोड्या करतात. पाण्याखाली कोणीही एकटा जाणार नाही, हा पहिला नियम होय.

साहित्य तरी किती! पाणी हवेपेक्षा कितीतरी वेगाने शरीराची ऊब ओढून घेते. म्हणून अंगात जाड रबरी पोशाख घालावा लागतो. हा पोशाख माणसाला वर तरंगवितो. म्हणून कमरेला शिशाची वजने बांधावी लागतात. पाठीवर दाबून भरलेल्या हवेची टाकी. तिच्यातील हवा श्वासापुरती, हवी तेवढी देणारे यंत्र फ्रान्समध्ये कुस्तो आणि गान्यां या दोघांनी १९४३ साली तयार केले. तेव्हापासून पाणबुड्या माशाप्रमाणे मोकळा फिरू लागला.

रविवारची सकाळ उजाडते. दोन्ही जोड्या पाण्यात उतरतात. थोडे खाली गेले, की कानांत दडा बसल्यासारखे होते, कारण पाण्याचा दाब वाढत असतो. दर १० मीटर खोलीला तो वातावरणाच्या एका दाबाइतका वाढतो. हवा भरून तोंड बांधलेला फुगा १० मीटर खाली नेला, तर तो निम्म्या आकाराचा होतो. कानांतील हवेवरही हाच दाब पडतो. म्हणून नाक चिमटीत धरून हलकेच फुंकर घालावी लागते.

हिरवट पाण्यातून आता गलबताची कड दिसू लागते. एवढ्यात चौघांपैकी एकजण थांबतो. त्याचा कान ठणकू लागला आहे. पाण्यात बोलता येत नाही. बोलावे लागते ते हातांनी. अंगठा आणि तर्जनी जुळवून केलेले वर्तुळ म्हणजे ‘सर्व ठीक’. अंगठा वर म्हणजे ‘छान’ नव्हे, तर ‘वर चला’! तो अंगठा वर करतो. त्याच्या जोडीदाराच्या समोर, हाताच्या अंतरावर, सव्वाशे वर्षांहून अधिक काळ पाण्यात असलेले गलबत आहे. त्यासाठी तो किती दूरवरून आला आहे! पण तो क्षणभरही रेंगाळत नाही. तोही अंगठा वर करतो आणि दोघे मिळून सावकाश वर निघतात.

सावकाश का? त्याची दोन कारणे आहेत. वर येताना दाब कमी होतो आणि छातीतील हवा फुगते. त्या वेळी कोणी श्वास रोखला, तर फुप्फुसांना इजा होते. म्हणून पाण्याखाली श्वास कधीही रोखायचा नाही. दुसरे असे, की दाबाखाली हवेतील नत्रवायू रक्तात विरघळतो. गोटी सोड्याची गोटी दाबताच बुडबुडे कसे उसळतात, हे तुम्ही पाहिले आहे. खोल पाण्यातून माणूस एकदम वर आला, तर त्याच्या शरीरात तसेच बुडबुडे होतात आणि ते जिवावर बेततात.

खाली राहिलेली दुसरी जोडी गलबताभोवती फिरते. पाय जपून हलवावे लागतात. तळाचा गाळ उसळला, तर हात समोर धरलेलाही दिसत नाही. त्यांनी गलबताच्या आत शिरायचे नाही, कारण वर छत असले, की वर येण्याची सरळ वाट बंद होते. कशालाही हात लावायचा नाही, एक खिळाही उचलायचा नाही. पाण्याने शतकभर जे जपले, ते आपण एका दिवसात विसकटू नये.

दुपारी चौघे काठावर बसतात. दोघांनी गलबत पाहिले, दोघांनी पाहिले नाही. तरी त्या दिवशी मोठे काम कोणी केले, हे चौघांनाही ठाऊक असते. गलबत पुढच्या वर्षीही तेथेच असेल. मित्र मात्र आज वर यावयास हवा होता.

मुलांनो, आपल्या उजनीच्या पाण्यात हौसेने बुडी मारावयास कोणी जाऊ नये. ते गढूळ आहे आणि त्याचा तळ ठाऊक नसतो. अशा पाण्यात शोधावयास उतरणारा जवान डोळ्यांनी फारसे पाहू शकत नाही; तो हाताने चाचपडत पुढे जातो. पण त्याच्या कमरेचा दोर वर कोणीतरी धरलेला असतो. त्या दोरावर त्याचा सारा भरवसा असतो. तुम्ही कधी होडीत बसलात, तर आधी तरंगते जाकीट मागून घ्या, वाऱ्याची चिन्हे पाहा आणि नावाडी नको म्हणाला, तर हट्ट करू नका. पळसनाथाचे मंदिर पुन्हा एखाद्या उन्हाळ्यात वर येईल. त्याला घाई नाही. आपणही करू नये.

स्वाध्याय

१. उबदार समुद्रापेक्षा थंड, गोड्या पाण्यात लाकडी जहाज अधिक काळ का टिकते?
२. पाण्याखालून सावकाश वर येण्याची दोन कारणे सांगा.
३. ‘मोठे काम’ कोणी केले असे तुम्हांला वाटते? का?
४. पुढील शब्दांचे अर्थ शोधून वाक्यांत उपयोग करा : जलसमाधी, शाबूत, डोलकाठी, रेंगाळणे, जिवावर बेतणे.
५. तुमच्या गावातील वडीलधाऱ्यांना पाण्याखाली गेलेल्या जुन्या गावांची माहिती विचारा व दहा ओळींत लिहा.