थायरॉईड बिघडला की मांजराचे हृदय का धडधडते?

प्रश्न : आमची मनी बारा वर्षांची आहे. हल्ली ती सारखी खायला मागते, तरी वाळत चालली आहे. रात्री घरभर ओरडत फिरते. डॉक्टरांनी तपासून ठोके फार जलद असल्याचे सांगितले. पण हृदयाचे औषध न देता थायरॉईडची रक्ततपासणी लिहून दिली. गळ्यातल्या ग्रंथीचा हृदयाशी काय संबंध? आमच्या कुत्र्यालाही असे होऊ शकते का?
— एक वाचक, संगमनेर (जि. अहिल्यानगर)

उत्तर : तुमच्या डॉक्टरांनी योग्य दिशा धरली आहे. थायरॉईड ग्रंथीचे संप्रेरक शरीराच्या चुलीचा जाळ ठरवते. उतारवयातल्या मांजरांत ही ग्रंथी बहुधा साध्या गाठीमुळे वाढते आणि संप्रेरक जास्त पाझरू लागते. मग खाल्लेले भराभर जळते, प्रत्येक अवयव जास्त रक्त मागतो आणि हृदयाला रात्रंदिवस पळावे लागते. दवाखान्यात निरोगी मांजराचे ठोके मिनिटाला साधारण १४० ते २२० असतात. या आजारात ते २४० च्याही पुढे जातात. सततच्या कष्टाने हृदयाची भिंत जाड होते. रक्तदाब वाढला तर डोळ्याचा पडदा सुटून अचानक अंधत्वही येते. १९७९ साली न्यूयॉर्कच्या पशुवैद्यांनी या आजाराकडे प्रथम लक्ष वेधले. आज म्हाताऱ्या मांजरांतला तो एक नेहमीचा आजार मानला जातो.

कुत्र्यात बहुधा उलटे घडते. थायरॉईड मंदावतो, कुत्रा सुस्त व जाड होतो, शेपटीचे केस झडतात, ठोके संथ पडतात. मात्र एवढ्यानेच हृदय निकामी होणे विरळा. जास्त धोक्याचा आहे ॲडिसनचा आजार. त्यात मूत्रपिंडालगतच्या ग्रंथी थकतात आणि रक्तातले पोटॅशियम वाढते. ते हृदयातले विद्युतसंदेश अडवते. कधी उलटी, कधी अशक्तपणा, सलाईन लावले की बरे, पुन्हा तेच, असे चालले असेल तर ही शंका घ्यावी. याच ग्रंथींचे संप्रेरक जास्त झाले, तर कुशिंगचा आजार होतो आणि त्यात रक्तदाब चढतो. म्हणूनच या संप्रेरकासारखे काम करणाऱ्या स्टिरॉइडच्या गोळ्या मनाने सुरू करू नयेत आणि अचानक बंदही करू नयेत.

मनीसाठी टी-४ या संप्रेरकाची तपासणी करा. सोबत रक्तदाब आणि मूत्रपिंडाची तपासणीही मागा. थायरॉईडमुळे मूत्रपिंडातून रक्त जोरात वाहते, त्यामुळे तिथला दोष झाकला जातो आणि उपचारानंतर उघडा पडतो. घरातल्या माणसांची थायरॉईडची गोळी तिला चुकूनही देऊ नका; ती संप्रेरक वाढवणारी असू शकते. तपासणीची सोय गावात नसेल, तर शिरवळ किंवा परळच्या पशुवैद्यक महाविद्यालयाबद्दल आपल्या डॉक्टरांना विचारा.

मनी गाढ झोपलेली असताना तिचे श्वास मोजा. ते वारंवार मिनिटाला तीसच्या वर गेले, तोंड उघडून धाप लागली किंवा मागचे पाय अचानक लुळे पडले, तर त्याच दिवशी दवाखाना गाठा. थायरॉईड वेळेत आटोक्यात आला, तर ताणलेले हृदय बऱ्याच अंशी सावरते. म्हणून रक्ततपासणी लांबवू नका.