अर्धवट खेळांची वही





गेल्या सत्रातील गोष्ट. नववीच्या वर्गात गणिताचा तास चालू असताना एक मुलगा बाकाखाली वहीत काहीतरी काढताना आम्हाला दिसला. पानावर ‘गेम’ हा शब्द वाचला आणि पुढचे काही न पाहता आम्ही वही जप्त केली. दुसऱ्या दिवशी पाटणकर बाजारातले आपले दुकान भावावर सोपवून त्याचे वडील शाळेत आले. “सर, मोबाइल आम्ही देत नाही, तर हा कॉपीच्या कॉपी भरून टाकतो. काय करावे ते तुम्हीच सांगा,” एवढेच ते बोलले. आम्ही उपदेशाचे चार शब्द सांगितले. ते गेले.

मग आम्ही वही उघडली. तीत सात खेळांची नावे होती. किल्ल्याचा चोरदरवाजा, बाड्यावरची टांग्यांची शर्यत, तानसेन आणि दिवे, अशी. प्रत्येक खेळाची दोन पाने चित्रांनी आणि नियमांनी भरलेली आणि तिसरे पान कोरे. सातांपैकी एकही खेळ पुरा झालेला नव्हता.

मुलगा तासाला लक्ष देत नव्हता, ही चूक खरी. पण वही वाचण्याआधीच निकाल देणे ही आमची चूक. वही परत करताना आम्ही त्याला तसे सांगितले. मात्र ती सात कोरी पाने आमच्या डोक्यातून जाईनात. आरंभ सात आणि शेवट एकही नाही, ही अडचण जगभरातल्या गेम बनवणाऱ्यांना येते. ती ते कशी सोडवतात, हा आजच्या पाठाचा विषय आहे.

स्वतंत्र गेम-निर्माता म्हणजे कोण?

मोठ्या कंपन्यांत एका गेमवर शेकडो माणसे काम करतात. याउलट दोन-चार जण, कधी एकटाच माणूस, आपल्या कल्पनेचा गेम आपल्या हिमतीवर बनवतो, तेव्हा त्याला स्वतंत्र निर्माता म्हणतात. गेम म्हटला की चार कामे येतातच: नियम ठरवणे, प्रोग्राम लिहिणे, चित्रे काढणे आणि आवाज व संगीत देणे. वस्तू खाली कशी पडते, प्रकाश कसा पडतो, दोन वस्तू एकमेकींवर आदळल्या हे कसे ओळखायचे, यासाठी तयार सॉफ्टवेअर मिळते. त्याला ‘इंजिन’ म्हणतात. परंतु खेळणाऱ्याने काय करायचे आणि त्यात मजा कशाची, हे कोणतेही इंजिन सांगत नाही. ते माणसालाच ठरवावे लागते.

पुण्याची ‘राजी’

पुण्यात ‘नॉडिंग हेड्स गेम्स’ नावाची छोटी संस्था आहे. अविचल सिंग, श्रुती घोष आणि इयान मॉड हे तिचे संस्थापक. भारतीय पुराणकथांच्या वातावरणातला, जगात कोठेही खेळता येईल असा गेम बनवायचा, हे त्यांचे उद्दिष्ट होते. त्यांनी गोष्ट निवडली ती राजी नावाच्या मुलीची. असुर तिच्या धाकट्या भावाला, गोलूला, पळवून नेतात आणि ती त्याच्या शोधात निघते. दुर्गा आणि विष्णू ही कथा सांगतात. राजीच्या हाती त्रिशूळ येतो, धनुष्य येते. कथेचा काही भाग छायाबाहुल्यांसारख्या चित्रांतून उलगडतो. कोकणात पिंगुळीच्या ठाकर कलावंतांच्या चामड्याच्या बाहुल्या ज्यांनी पाहिल्या असतील, त्यांना ही पद्धत ओळखीची वाटेल. संगीत मात्र लिनोस त्झेलोस या ग्रीक संगीतकाराचे आहे.

2017 साली या मंडळींनी ‘किकस्टार्टर’वर लोकवर्गणीचे आवाहन केले. तेथील नियम असा की ठरवलेली रक्कम पूर्ण जमली तरच पैसे हाती येतात; थोडी कमी पडली तरी काहीच मिळत नाही. रक्कम जमली नाही. पण तोवर गेमचा एक छोटा, खेळता येण्याजोगा नमुना त्यांनी तयार केला होता आणि लोकांनी तो खेळून पाहिला होता. केवळ कागदावरची कल्पना असती तर कदाचित तेथेच संपली असती. काम चालू राहिले, पुढे प्रकाशक मिळाला आणि 18 ऑगस्ट 2020 रोजी ‘राजी : अॅन एन्शंट एपिक’ निन्टेंडो स्विच या यंत्रावर प्रसिद्ध झाला. 15 ऑक्टोबर 2020 रोजी तो संगणकावर आणि इतर यंत्रांवरही आला. त्याच वर्षी ‘द गेम अवॉर्ड्स’मध्ये पहिल्या उत्तम निर्मितीसाठीच्या नामांकनांत त्याचे नाव होते.

सगळेच कौतुक झाले असे नाही. चित्रे आवडली, पण गेम लहान आहे आणि शेवट अचानक होतो, अशी टीकाही झाली. 2022 मध्ये त्याची सुधारित आवृत्ती निघाली, तीत हिंदी आवाज आले. मित्रांनो, हे लक्षात ठेवा: गेम आधी पुरा करून लोकांपुढे ठेवला, म्हणून सुधारण्यासाठी काही हाती होते.

मुंबईचा मोठा नकाशा

आता दुसरे उदाहरण. मुंबईच्या ‘गेमऑन’ या संस्थेने, निखिल मालणकर यांच्या नेतृत्वाखाली, ‘मुंबई गल्लीज’ या गेमची घोषणा 2020 साली केली. मुंबईच्या रस्त्यांतून मनाला येईल तिकडे फिरता यावे, अशी ही कल्पना. घोषणा होताच तरुण मुलांत तिची मोठी चर्चा झाली. त्यानंतरही कित्येक वर्षे गेमचे काम चालूच राहिले.

यात निर्मात्यांना दोष देण्याचे कारण नाही. विचार करा. राजीची वाट ठरलेली आहे; ती जेथे जाते तेवढेच काढावे लागते. शहर मोकळे ठेवले की खेळणारा कोणत्याही गल्लीत वळणार. म्हणजे प्रत्येक गल्ली हवी, तीत घरे, दुकाने, वाहने, माणसे हवीत आणि वाहनाची टक्कर झाली तर पुढे काय, हेही ठरवायला हवे. उद्दिष्ट एक पाऊल वाढवले की काम दहा पावले वाढते. मोठे स्वप्न पाहावे, पण त्याचे माप आधी घ्यावे.

एकट्या माणसालाही हे जमते. अमेरिकेत एरिक बॅरोन याने ‘स्टारड्यू व्हॅली’ हा शेतीवरचा गेम एकट्याने बनवला. प्रोग्राम त्याचा, चित्रे त्याची, संगीतही त्याचेच. फेब्रुवारी 2016 मध्ये गेम प्रसिद्ध झाला, तेव्हा त्यामागे चार वर्षांहून अधिक काळाचे काम होते. झटपट यशाची आशा धरणाऱ्यांनी हा काळ ध्यानात घ्यावा.

आपल्या वहीकडे परत

आम्ही त्या मुलाला बोलावून सांगितले, “सातांपैकी एक निवड. बाकीच्या सहांवर आजची तारीख टाक आणि मिटून ठेव.” त्याने किल्ला निवडला. मग म्हटले, “खेळणाऱ्याने काय करायचे, ते एका वाक्यात लिही.” याला चार दिवस लागले. वाक्य असे झाले: किल्ला चढत पाच दरवाजे ओलांडायचे आणि शून्य शोधायचे.

शून्य का, हे ग्वाल्हेरच्या मुलांना सांगायला नको. आपल्या किल्ल्याच्या चढावर चतुर्भुज मंदिर आहे. तेथील इ. स. 876 च्या शिलालेखात बागेची लांबी 270 हात दिली आहे आणि त्यातले शून्य आजच्यासारखेच गोल आहे. आपल्यापैकी कितीजण ते पाहायला थांबले आहेत?

तिसरी पायरी, कागदी नमुना. पुठ्ठ्यावर घरे आखली, फासा घेतला, प्रत्येक दरवाजाशी एक कोडे ठेवले. आठवीच्या चार मुलांना खेळायला बसवले आणि निर्मात्याला तोंड बंद ठेवून बघायला सांगितले. दुसऱ्या दरवाजाशी कोडे न सुटलेली दोन मुले तशीच बसून राहिली आणि कंटाळून उठली. नियम बदलला: तीन वेळा चुकले तर कोडे बदलून मिळेल. ही चूक संगणकावर बरेच काम झाल्यावर कळली असती, तर किती मेहनत वाया गेली असती!

चौथी पायरी, शिल्लक कामांची यादी. झालेल्या कामावर रेघ मारायची. नवी कल्पना सुचली तर ती शेवटच्या पानावर लिहायची, यादीत घुसवायची नाही.

आता तो शाळेच्या संगणकावर ‘स्क्रॅच’मध्ये हा गेम करतो आहे. अमेरिकेतील एमआयटी या संस्थेत तयार झालेली ही प्रणाली 2007 पासून सर्वांसाठी मोफत आहे. तिच्या पडद्याच्या मध्यभागी क्ष शून्य आणि य शून्य असतो. डावीकडून उजवीकडे क्ष उणे 240 पासून 240 पर्यंत जातो, खालून वर य उणे 180 पासून 180 पर्यंत. ज्या तासाला वही जप्त झाली, त्या तासाला फळ्यावर हाच आलेख होता! आता तो आलेखाचे प्रश्न आपणहून विचारतो.

पालकांसाठी दोन शब्द

गेम बनवून पोट भरेल काय, असे आपण विचाराल. मार्ग कठीण आहे, हे वरील उदाहरणांवरून दिसतेच. म्हणून अभ्यास सोडून हे करा असे आम्ही कोणालाही सांगणार नाही. पण मूल काही बनवत असेल तर आधी ते पाहा, मग बोला. आणि ‘पास होशील ना?’ याबरोबरच ‘पुरे कधी करणार?’ हेही विचारा.

त्या मुलाचे वडील गेल्या आठवड्यात बाड्यावर भेटले. त्यांनी तोच प्रश्न आम्हाला विचारला. पाच दरवाजांपैकी तीन झाले आहेत, दोन शिल्लक आहेत. यादीवर दिवाळीच्या सुट्टीआधीची तारीख आहे. “ती तारीख त्याची की तुमची, सर?” त्यांनी विचारले. तारीख मुलानेच घातली आहे.

स्वाध्याय

1. तुम्ही सुरू करून सोडलेली कामे लिहा. त्यांतील एक निवडा आणि ते पुरे झाले हे कशावरून ओळखाल, ते एका वाक्यात लिहा.

2. ‘राजी’ आणि ‘मुंबई गल्लीज’ यांच्या कामाच्या आकारात काय फरक आहे? तुमच्या शब्दांत सांगा.

3. सारीपाट किंवा सापशिडीचा एक नियम बदला. घरच्यांना खेळायला बसवा, मध्ये बोलू नका आणि ते कोठे अडतात ते टिपून ठेवा.

4. चतुर्भुज मंदिरातील शून्य पाहून या आणि वहीत त्याची आकृती काढा.

वह्या आमच्याकडे आणून द्याव्यात. या वेळी त्या वाचूनच परत मिळतील.

आपले,
प्राचार्य